दादाचे मशीन आणि आमची खतावणी

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. होऊन नोकरीला चिकटलो त्या दिवसापासून आमच्या हाताने पेन सोडून दुसरे हत्यार धरलेले नाही. घरातला बल्ब बदलायचा झाला तरी आमच्या आयुष्मती आम्हाला स्टूल धरायला लावतात आणि स्वतः वर चढतात. तेव्हा २०२४ च्या मे महिन्यात आठ दिवसांची रजा टाकून आम्ही एका जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनमध्ये नवे सर्किट बसवले, असे सांगितल्यावर ऑफिसातली मंडळी पोट धरून हसली. हसू द्या. वाचक बंधू-भगिनींना मात्र ही हकिकत सांगावीशी वाटते, कारण त्या मशीनचे आमच्याकडे जुने देणे होते.

मशीन आमच्या थोरल्या भावाचे. माणसाच्या उंचीचे लाकडी कपाट, मध्ये वीस इंची पिक्चर ट्यूब, खाली दोन हँडल आणि बटणे, त्याखाली नाणे टाकायची फट. ज्यांचे लहानपण १९९० च्या आसपास मुंबईच्या वस्त्यांत गेले, त्यांना अधिक सांगायला नको. अर्धे ओढलेले शटर, आत अंधार, उदबत्ती आणि घामाचा मिसळलेला वास, भिंतीला लागून पाच-सहा कपाटे. एक रुपया दिला की पितळेचे एक टोकन. कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा १९९३ चा खेळ. त्याचे हे लांबलचक नाव आमच्यापैकी कोणी उच्चारले असेल असे वाटत नाही. त्यातल्या चार गड्यांपैकी पिवळ्या टोपीवाला मुस्तफा पोरांचा लाडका, म्हणून सगळा खेळच 'मुस्तफा'. 'चल, मुस्तफा खेळू' म्हटले की पुरे.

कुर्ल्याला स्टेशनाजवळ असल्याच एका पार्लरमध्ये दादा मेकॅनिक होता. दहावीला गणितात राहिला, पुन्हा बसला नाही. शाळेत आकडे न समजलेला हा माणूस मीटरची सुई बघून कुठली वायर आतून तुटली आहे ते सांगत असे. आठवड्याच्या आठवड्याला पगार. त्यातून घरखर्च आणि आमची कॉलेजची फी. आई म्हणायची, थोरला मशीनला पाना लावतो म्हणून धाकटा पुस्तकाचं पान उलटतो.

आता देण्याची गोष्ट. १९९८ साली आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि वस्तीतल्या तरुण मंडळाचे काम हिरिरीने करत होतो. एके संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली एक बाई मंडळात रडत आली. पोराने शाळेची तीन महिन्यांची फी पार्लरमध्ये घालवली होती. बाई चार घरची धुणीभांडी करून ती फी जमवायची. मंडळातले सगळे पेटले. पार्लर बंद करा म्हणून अर्ज द्यायचे ठरले. अक्षर चांगले कोणाचे? आमचे. मजकूर कोण लिहिणार? आम्हीच. दोन पानी अर्ज लिहिला आणि घरोघर फिरून सह्या घेतल्या. त्याच पार्लरमधून आमची फी येत होती हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. पण वीस वर्षांच्या वयात माणूस स्वतःच्या घराकडे बघत नाही, जगाकडे बघतो. आजही तो अर्ज चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्या बाईचे रडणे खरे होते.

पुढे काही महिन्यांनी पार्लरचे शटर पूर्ण खाली आले. आमच्या अर्जामुळे की धंदाच बसल्यामुळे, हे कोणी सांगावे. तेव्हा टीव्हीला जोडायचे स्वस्त सेट घराघरांत येऊ लागले होते. मालकाकडे दादाचा बराच पगार थकलेला होता. पैशांऐवजी मालकाने एक मशीन दिले. दादाने ते हातगाडीवर घालून घरी आणले, दहा बाय बाराच्या खोलीत. दादाचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. वहिनींनी काही न बोलता त्यावर जुनी चादर टाकली आणि वर तांदळाचा डबा ठेवला. तो डबा पंचवीस वर्षे तिथेच होता.

दादाने मग फुटपाथवर पंखे-मिक्सर दुरुस्तीची टपरी टाकली. आम्ही नोकरीला लागलो. अर्जाचा विषय आम्ही कधी काढला नाही, त्यानेही काढला नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये वहिनींचा फोन आला. त्यांची चाळ पाडून नवी इमारत होणार, खोली रिकामी करायची नोटीस आली. "भाऊजी, भंगारवाला त्या मशीनचे सातशे देतो म्हणतो. ह्यांना विचारलं तर नुसते गप्प बसून राहतात. तुम्ही या."

आम्ही गेलो. दादा मशीनची चादर काढून समोर बसला होता. आमच्या तोंडून निघून गेले, "आपल्या अभ्यासिकेच्या ओसरीत ठेवू. सुट्टीत पोरं मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात, त्यापेक्षा चारचौघांत उभं राहून खेळतील." अभ्यासिका आम्ही काही मित्रांनी मिळून चालवतो. आम्ही असे बोललो यावर आमचाच विश्वास बसेना. दादा म्हणाला, "सर्किट मेलंय त्याचं. नवीन किट टाकावं लागेल."

किट म्हणजे काय, हे आम्ही त्या महिन्यात शिकलो. मशीनचे कपाट, पिक्चर ट्यूब, हँडल, नाण्याची पेटी हा सगळा सांगाडा. खेळ असतो तो आतल्या सर्किट बोर्डात. सांगाडा महाग आणि जड, बोर्ड त्यामानाने स्वस्त. जुन्या खेळाला गिऱ्हाईक येईनासे झाले की मालक कपाट तेच ठेवून आतला बोर्ड बदलतो, किंवा जुन्या बोर्डावर एक छोटा जोडबोर्ड बसवून खेळच पालटतो.

या जोडबोर्डांची एक गोष्ट वाचनात आली, ती सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या नामांकित संस्थेतले काही विद्यार्थी वसतिगृहात अशी मशीन ठेवून जोडधंदा करत. खेळणारी पोरे हुशार. अटारी कंपनीचा १९८० चा 'मिसाइल कमांड' त्यांनी असा घोटवला की एका नाण्यात तासनतास खेळू लागली. गल्ला आटला. तेव्हा १९८१ साली डग मॅक्रे, केव्हिन करन आणि त्यांच्या सोबत्यांनी खेळ अवघड करणारा जोडबोर्ड बनवला आणि तो विकायलाही काढला. अटारीने त्यांच्यावर मोठा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली. पोरांनी मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय किट विकायचे नाही, आणि अटारीने त्यांनाच काम द्यायचे. त्यांच्याकडे 'पॅक-मॅन' या जपानी खेळाचेही एक जोडकिट अर्धवट तयार होते. ते घेऊन ते अमेरिकेत पॅक-मॅन बनवणाऱ्या मिडवे कंपनीकडे गेले. त्यातूनच १९८२ साली 'मिस पॅक-मॅन' बाजारात आली. म्हणजे केसांत रिबिन बांधलेली ती पिवळी बाई मुळात दुरुस्तीच्या किटातून जन्मली. दादाला हे सांगितले तर म्हणाला, "म्हणजे पोरं कॉलेजात होती तरी कामाची होती." टोमणा आमच्यासाठी होता. असो.

लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने आम्हाला साठ खेळांचे बोर्ड मागवून दिले. साडेचार हजार रुपये. दादाला न विचारता आम्ही परस्पर पैसे भरले. ही आमची पहिली चूक. ती पुढे कळली.

कामाला अभ्यासिकेच्या ओसरीत सुरुवात केली. मागचे दार उघडले तर आत उंदरांचे घर, कुरतडलेल्या वायरी, तीन गोट्या आणि कोणाचे तरी ओळखपत्र. आम्ही उत्साहाने हात घालणार तोच दादा ओरडला. आयुष्यात तो आमच्यावर ओरडल्याचे आम्हाला आठवत नाही. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही ती तो धरून ठेवू शकते. दादाने एका लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधली, वायरचे दुसरे टोक लोखंडी सांगाड्याला अडकवले, एक हात खिशात घातला आणि ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवले. अशा कामात दुसरा हात खिशात ठेवावा म्हणजे करंट छातीतून जायला वाट राहत नाही, हे त्याने नंतर सांगितले. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुना डबा टीव्ही असेल तर कृपा करून उघडून बघू नका. जाणकाराला बोलवा.

जुन्या बोर्डाला चिकटलेला लांबोडका कनेक्टर काढला. दादा त्याला 'जामा' म्हणतो. जपानमधल्या खेळयंत्र उत्पादकांच्या संघटनेच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. पूर्वी प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असे, खेळ बदलायचा तर सगळ्या वायरी उसवाव्या लागत. १९८५ साली संघटनेने एकच पद्धत ठरवली. एका बाजूला २८ पिना, दुसऱ्या बाजूला २८, एकूण ५६. वीज कुठल्या पिनेवर, लाल रंग कुठल्या, डावीकडे वळायचा इशारा कुठल्या, सगळे ठरलेले. कोणताही जामा बोर्ड कोणत्याही जामा कपाटात बसतो.

इथे मात्र आमचे शिक्षण कामी आले. दादाला मोतीबिंदू उतरतो आहे, बारीक दिसत नाही, आणि हातही थोडे कापतात. आम्ही ऑफिसातून बाद झालेली एक खतावणी आणली. डावीकडे १ ते २८ आकडे, उजवीकडे इंग्रजी अक्षरे. त्या अक्षरांत जी, आय, ओ आणि क्यू गाळलेली असतात. मोठी अक्षरे २२, मग लहान लिपीतली ए ते एफ ही ६, बेरीज २८. डावी-उजवी बाजू जुळली तेव्हा आम्हाला ओळखीच्या गावात आल्यासारखे वाटले. मीटरची एक सळई पिनेवर, दुसरी वायरीच्या टोकाला. 'टीं' वाजले की आम्ही बरोबरची खूण करायची, नाही वाजले की फुली. दादा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत बसायचा. अकरा फुल्या आल्या. अकरा वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या.

त्या नव्या जोडायच्या होत्या आणि हात आमचे होते. सोल्डरिंग आयर्न धरून आम्ही आधी शिशाच्या तारेला चटका द्यायचो, ते वितळून गोळा व्हायचे आणि वायर निसटायची. दादा म्हणाला, "आयर्न वायरीला लाव. वायर तापली की शिसं आपण होऊन तिच्याकडे जातं. चकचकीत बसलं तर पक्कं, मळकट दिसलं तर परत कर." पहिल्या चार जोडण्या मळकट. पाचवी चकचकीत झाली तेव्हा आम्ही आयुष्मतींना फोन करून कळवले. त्यांनी येताना कोथिंबीर आणायला सांगितले.

सातवी-आठवी वायर असेल. दुपारची वेळ, ओसरीत आम्ही दोघेच. दादा खतावणी डोळ्यांजवळ धरून बघत होता. म्हणाला, "अक्षर अजून तसंच आहे तुझं."

आम्ही म्हणालो, "हो, ऑफिसात सगळे म्हणतात."

"ऑफिसचं नाही म्हणत मी. अर्जात होतं तसंच आहे."

आमच्या हातातले आयर्न तसेच राहिले. तो म्हणाला, "मालकाला कोणीतरी त्याची झेरॉक्स दिली होती. त्याने मला दाखवली. म्हणाला, वाच, तुझ्याच वस्तीतला आहे. पहिल्या ओळीवरच ओळखलं मी."

आम्ही विचारले, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? त्या बाईच्या पोराला मीच टोकनं दिली होती. रोज यायचा. फीचे पैसे असतील हे मला कळत नव्हतं का? कळत होतं." थोडा वेळ गेला. "आणि तुझी परीक्षेची फी भरायची होती त्या महिन्यात. ती भरली आधी. मग मालकाशी भांडायला गेलो." मग तो आमच्या हाताकडे बघून म्हणाला, "जळतंय ते. वायरीवरून काढ."

खरेच जळत होते. ती वायर पुन्हा सोलावी लागली. आम्हाला पुष्कळ बोलायचे होते, पण सोल्डर करताना डोळ्यांत धूर जातो आणि नीट बोलता येत नाही, एवढेच सांगतो.

बाकीची कामे भराभर झाली. वीज पुरवणाऱ्या डब्यातून पाच व्होल्ट यायला हवे होते, बोर्डापाशी मीटर साडेचार दाखवत होता. आम्ही नवा डबा आणायला निघालो तर दादाने अभ्यासिकेतल्या एका मुलीचा खोडरबर मागून घेतला. नव्या बोर्डाच्या सोनेरी कडेवर तो हलकेच फिरवला, कनेक्टरच्या गंजलेल्या पिना स्पिरिटने पुसल्या आणि डब्यावरचा छोटा स्क्रू केसभर फिरवला. पाच पूर्णांक शून्य पाच. खोडरबर दोन रुपयांचा. कनेक्टर उलटा बसू नये म्हणून सातव्या पिनेच्या जागी एक अडसर असतो. आमच्या कनेक्टरमधला कधीच तुटलेला होता. उलटा बसला तर वीज भलत्या पिनांत शिरून बोर्डाची राख होते. दादाने लाल रंगाने दोन्हीकडे खूण केली आणि आम्हाला तीनदा तपासायला लावले.

बटण दाबले. ट्यूब गुंगली, उजळली, आणि पडद्यावर नुसत्या तिरप्या रेघा. बोर्डावर बारीक स्विचांची एक रांग असते. त्यातला एक जुन्या ट्यूबसाठी आणि नव्या कॉम्प्युटर मॉनिटरसाठी वेगवेगळा ठेवायचा असतो. तो पालटला. रेघा गेल्या, चित्र आले, पण आडवे पडलेले. पॅक-मॅन भिंतीवर चढणाऱ्या पालीसारखा दिसत होता.

आमची ती पहिली चूक आता उघडी पडली. मुस्तफाचा खेळ रुंद पडद्याचा. आम्ही आणलेल्या बोर्डावरचे साठही खेळ उभ्या पडद्याचे. "घेताना विचारायचं होतंस," एवढेच दादा म्हणाला. बोर्ड परत होणार नव्हते, म्हणून ट्यूबच उभी करायची ठरली. पुन्हा तो स्क्रू ड्रायव्हर, पुन्हा खिशात हात. ट्यूब तिच्या लोखंडी चौकटीसकट दोन तरण्या पोरांनी उचलून फिरवली. चित्र सरळ झाले तर एका कोपऱ्यात हिरवा नि दुसऱ्यात जांभळा डाग. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा हा परिणाम, ट्यूब फिरवली की रंग बिघडतात. मशीन चालू करताना 'धुम्म' असा जो आवाज येतो, तो डाग पुसणाऱ्या कॉइलचा. पण ती थंड झाल्याशिवाय पुन्हा काम करत नाही. अर्ध्या तासाने बंद-चालू, असे चार वेळा करून चहाचे दोन राऊंड झाले. डाग गेले.

पॅक-मॅन मात्र वळणावर अडखळत होता. मारामारीच्या खेळाचे हँडल आठ दिशांना फिरते, याला चारच दिशा कळतात. हाताचा जरासा तिरपेपणा झाला की तो भिंतीशी खुळ्यासारखा उभा. हँडलखालची चौकोनी पट्टी फिरवून बसवल्यावर तोही धावू लागला.

शेवटचा वाद नाण्यावरून झाला. बोर्डात खेळ फुकट करायची सोय आहे. आम्ही म्हणालो, अभ्यासिकेत पैसे कसले, फुकट ठेवू. दादा ऐकेना. "फुकट ठेवलंस तर पोरगं हटणारच नाही, बाकीचे बघत राहतील. संपायला काहीतरी पाहिजे." त्याने घरून एक डबा आणला. पार्लरची पितळी टोकने. आम्हाला वाटले होते मालकाने नेली असतील. पैसे नाहीत, पण प्रत्येकाला संध्याकाळी दोन टोकने. ती संपली की घरी. ती मोजून द्यायचे काम दादाचे. आम्ही १९९८ चा अर्ज आठवून गप्प बसलो आणि मान डोलावली.

पहिल्या दिवशी पोरे फारशी भारावली नाहीत. एक जण म्हणाला, "काका, हे मोबाईलवर फुकट आहे." पण नाणे आत पडल्याचा 'खण्ण' आवाज मोबाईलमध्ये नाही, आणि मागे उभे राहून "उजवीकडे, उजवीकडे" ओरडणारे आठ जणही नाहीत. तिसऱ्या दिवशी रांग लागली. दादा खुर्ची टाकून बाजूला बसतो. एखादे टोकन अडकले की न बघता दारावर विशिष्ट जागी थाप मारतो.

त्या आठवड्यात एका रात्री पोरे गेल्यावर वहिनी दादाला न्यायला आल्या. मशीन अजून चालू होते. त्या समोर उभ्या राहून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंचवीस वर्षं डबा ठेवला ह्याच्यावर. एकदा तरी कोणी विचारलं का, खेळतेस का म्हणून?"

दादा उठला, डब्यातून दोन टोकने काढून त्यांच्या हातावर ठेवली. वहिनींनी मिस पॅक-मॅन लावली. पहिल्याच वळणावर भूत आडवे आले. दुसऱ्या टोकनाला त्या जरा लांब गेल्या, एक कोपरा पूर्ण साफ केला आणि मग तीन भुतांच्या मध्ये सापडल्या.

त्यांनी मागे न बघता हात पुढे केला.

"दोनच," दादा म्हणाला. "उद्या ये."